पेलेट ग्रिलला नवं रूप देताना: आधी ताप मोजा, मग रंग निवडा

नवी मुंबईत नेरुळला आमच्या रो हाऊसच्या मागे बारा बाय दहा फुटांची फरशी घातलेली जागा आहे. परदेशी परत निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतलेला, लाकडी कांड्यांवर अन्न भाजायचा जुना पेलेट ग्रिल तिथे आणून ठेवला, त्या दिवशी बायकोने त्याचं बारसं केलं: डांबराचं पिंप. नाव ठेवायला जागा होतीच. झाकणाचा रंग उडालेला, पोटाखाली गंज, एका चाकाचं रबर गेलेलं.

त्या पिंपाचं देखणं ग्रिल व्हायला दोन दिवाळ्या आणि तीन प्रयत्न लागले. पहिल्यांदा रंगाऱ्याकडून साधा लाल ऑइल पेंट मारून घेतला. तो पहिल्याच तापात पापडासारखा फुलला आणि त्याचा वास दोन दिवस गेला नाही. दुसऱ्यांदा रंग बरोबर निवडला, पण खाली रेड ऑक्साइड हा साधा प्रायमर लावला, म्हणून अख्खा थर पोपड्यांनी सुटून आला. तिसऱ्यांदा जमलं. तुमचं पहिल्यांदाच जमावं म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्या घरी हे यंत्र नवीनच आलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. बाजूच्या पेटीत, म्हणजे हॉपरमध्ये, लाकडाच्या भुश्शाच्या दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, भरतात. ऑगर नावाचा लांब स्क्रू त्या मोटरवर फिरत पुढे ढकलतो. कांड्या ग्रिलच्या पोटातल्या छोट्या भांड्यात, फायर पॉटमध्ये, पडून जळतात. पंखा हवा देतो आणि कंट्रोलर ताप सांभाळतो. हा प्रकार अमेरिकेतल्या ऑरेगनचा. जो ट्रेगर यांनी तिथे तो विकसित केला आणि १९८६ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे रंगरंगोटीची गणितं थोडी वेगळी पडतात.

१. हात लावण्याआधी कागद काढा

बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा. वॉरंटी चालू असेल तर झाकण रंगवू नका, भोकं तर मुळीच पाडू नका. बदल केलेल्या यंत्राचा दावा नाकारायला कंपनीला निमित्त पुरतं. तोवर टेबल, कव्हर, पाटी एवढ्यावर हौस भागवा.

सोसायटीचं परवानगीपत्र घ्या. मी आधी तोंडी विचारलं होतं. रंग तापवायच्या दिवशी धूर झाला आणि सेक्रेटरी दारात आले, तेव्हा त्या तोंडी परवानगीचा कोणालाच पत्ता नव्हता.

जो रंग घ्याल त्याचं माहितीपत्रक दुकानदाराकडून मागून घ्या. किती तापाला टिकतो, किती थर, कसा पक्का करायचा, हे सगळं त्यात असतं. आणि ग्रिलचे चारही बाजूंनी फोटो काढा, विशेषतः वायरी कुठून कुठे जातात त्याचे.

एक पाटी मात्र ग्रिलवरच वाचा: व्होल्टेजची. अमेरिकेतून आलेल्या यंत्रावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला ते थेट लावायचं नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. ताप मोजायलाही ग्रिल चालू करावा लागणार, म्हणून हे आत्ताच सांगितलं. अर्थिंग असलेला प्लग पॉइंट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, रंगारी नंतर.

२. ताप मोजा

सगळा खेळ इथे आहे. ग्रिल बाहेरून एकसारखा काळा दिसतो, पण तापतो एकसारखा नाही. कोणत्या भागाला कोणता रंग, कोणतं लाकूड, कोणता स्टिकर, हे तुमच्या आवडीवर ठरत नाही. तो भाग किती तापतो यावर ठरतं.

यासाठी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. करोनाच्या काळात घेतलेला कपाटात पडला असेल, पण तो चालणार नाही. तो माणसाच्या तापासाठी बनवलेला असतो आणि चाळिशीच्या थोडं पुढे गेलं की हात वर करतो. हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यात वापरायचा मागा, निदान ३५० अंश सेल्सियसपर्यंत मोजणारा. चकचकीत स्टीलवर तोही फसतो आणि खरा ताप असेल त्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. तिथे काळ्या हीट पेंटचा रुपयाएवढा ठिपका मारा आणि त्यावर नेम धरा.

ग्रिल कमाल तापावर ठेवून अर्ध्या तासाने मोजा. माझ्याकडे कंट्रोलर २३० अंशांवर असताना झाकणाच्या मध्यावर १६० च्या आसपास, फायर पॉटच्या बरोबर खाली पोटाला अडीचशेच्या वर, धुरांड्याच्या बुडाशी १८० आणि हॉपरच्या बाहेरच्या बाजूला जेमतेम ४५ आले. पाय तर हाताला थंडच लागत होते. तुमचे आकडे वेगळे येतील, उतरंड बहुधा हीच राहील. खडूने ग्रिलवरच लिहून ठेवा.

३. आता भाग वाटा

झाकण, पोट, धुरांडं: इथे फक्त सिलिकॉनवर आधारित हीट रेझिस्टंट पेंट. ६०० अंशांपर्यंतचा स्प्रे कॅन मिळतो, तोच घ्या. काळा आणि चंदेरी सहज मिळतात, बाकी रंगांसाठी शोधाशोध करावी लागते.

पाय, खालचं शेल्फ, चाकांचे दांडे: हे थंड भाग. इथे रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट चालतो. पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगपूड फवारून भट्टीत पक्की करणं, त्याहून बरं. ठाण्यात वागळे इस्टेट, नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यात ते करून देणारे खूप आहेत. एकट्या चार पायांसाठी भट्टी लावायला कोणी तयार होत नाही. ‘काळ्याचा लॉट लागेल तेव्हा घाला’ म्हणून देऊन या.

हॉपर: कोमट भाग, हौसेची खरी जागा. गाड्यांना लावतात ते व्हिनाइल रॅप इथे चालतं, झाकणावर चालत नाही. माझ्या मेहुण्याने झाकणाला कार्बन फायबरसारखं दिसणारं रॅप लावायचा आग्रह धरला होता. एका कोपऱ्यावर तुकडा लावून दाखवला, पंधरा मिनिटांत तो आक्रसून सुरकुतला. तेव्हापासून मेहुणा गप्प आहे.

आतली बाजू: काहीही लावायचं नाही. जिथे अन्न शिजतं तिथे रंग नको, अगदी हीट पेंटसुद्धा नको. आत तेलाचा पातळ हात फिरवून तापवायचं, बिडाच्या तव्यासारखं.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा कितीही स्वस्त मिळाला तरी पोटाजवळ किंवा आत वापरू नका. फार तापला की त्यावरच्या जस्ताचा धूर सुटतो आणि तो नाकात जाणं वाईट.

४. सोलणं आणि धुणं

सामान: ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, धुण्याचा सोडा, थिनर, जुन्या सुती साड्यांचे तुकडे, मास्किंग टेप, वर्तमानपत्रं, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि धूळ-रंगाचा मास्क. कापडी मास्क नको.

प्लग काढा. हॉपर रिकामा करा. फायर पॉटमधली राख काढा, पण आदल्या रात्री ग्रिल लावला असेल तर सकाळी व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. राखेत निखारा बारा तासांनीही जिवंत असू शकतो.

गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून बाहेरचा ओशटपणा काढा. हे आधी, घासणं नंतर. उलटं केलंत तर तूप-तेल पॉलिश पेपरने पत्र्यात अजून चोळलं जातं आणि त्यावर रंग बसत नाही. मग ८० नंबरने गंज, १२० ने कडा, २२० ने शेवटचा हात. कंपनीचा मूळ रंग घट्ट धरून असेल तर तो पूर्ण काढायची गरज नाही, नुसता खरखरीत करा. पोपडे मात्र एकही ठेवू नका.

एक गोष्ट मी आपटून शिकलो. घासलेला उघडा पत्रा आपल्या हवेत रात्रभर ठेवायचा नाही. रविवारी घासला आणि सोमवारी ऑफिसमधून येऊन बघतो तर सगळीकडे केशरी झाक. ज्या दिवशी घासाल त्याच दिवशी थिनरने पुसून पहिला थर मारा. थिनरचं काम उघड्यावर करा, आजूबाजूला विडी-सिगारेट नको.

५. फवारा

रंगाचे महिने ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. हवेत ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर कॅन हातातही घेऊ नका. वेळ सकाळची. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो आणि तुमचा काळा रंग शेजारच्या पांढऱ्या गाडीवर जाऊन बसतो. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. वाळत घातलेले कपडे, पापड, कुरडया, सगळं आत जाऊ दे.

टेप लावून झाकायच्या जागा: धुरांड्याचं तोंड, झाकणावरच्या थर्मामीटरची काच, कंट्रोलर, हॉपरखालच्या पंख्याची जाळी, तेल गळायचं भोक, आणि व्होल्टेजची ती पाटी. पाटी रंगली की पुढे मेकॅनिक मॉडेल नंबर विचारतो आणि आपण आकाशाकडे बघतो.

हीट पेंट थेट पत्र्यावर मारायचा, खाली साधा प्रायमर नाही. माझा दुसरा प्रयत्न इथेच बुडाला. प्रायमर तापाने जळतो, वरचा रंग शाबूत असतो, पण पायच गेल्यावर तो उभा कशावर राहणार?

कॅन चांगला दोन मिनिटं हलवा. वीतभर अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून, तीन पातळ थर. पहिला थर झिरझिरीत दिसला पाहिजे, खालचा पत्रा डोकावू दे. ‘एकदाच जाड मारून टाकू’ म्हणालात की ओघळ ठरलेला. दोन थरांमध्ये किती थांबायचं ते माहितीपत्रकात बघा.

६. रंग पक्का करणं

वाळलेला हीट पेंट दिसतो छान, पण नखाने निघतो. तो तापानेच पक्का होतो आणि हा ताप चढत्या पायऱ्यांनी द्यावा लागतो. मी असं केलं: १२० अंशांवर अर्धा तास, पूर्ण थंड, २०० वर अर्धा तास, पूर्ण थंड, मग कमाल तापावर अर्धा तास. तुमच्या कॅनवर वेगळं लिहिलं असेल तर कॅनचं ऐका. घाईने एकदम कमाल ताप दिलात तर आत अडकलेलं थिनर फोड काढतं.

या वेळी धूर निघतो आणि वास येतो, ते ठीक आहे. पण आत काही शिजवायचं नाही. कणसं आणून ठेवली होती, लेक मागे लागली होती, तरी नाही. घराच्या खिडक्या बंद, वॉचमनला निरोप, सेक्रेटरींना परवानगीपत्राचा फोटो. आणि झाकणाला हात लावू नका, पहिल्या तापात रंग मऊ पडतो आणि बोटाचा ठसा कायमचा राहतो. माझ्या ग्रिलवर उजव्या कोपऱ्यात माझा अंगठा आहे.

७. नाव आणि चित्र

इथपर्यंत आलात की ग्रिल नवा दिसतो, पण तुमचा दिसत नाही. तो दिसावा यासाठी मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, लोखंडी अक्षरांची पाटी. ग्रिलचं नाव ठेवलं ‘अंगार’. रबाळ्याच्या एका लेझर कटिंगवाल्याकडे गेलो. जाडी विचारली, तर तो म्हणाला, ‘साहेब, दोन एमएम घ्या, पातळ घेतलंत तर अक्षर वाकेल.’ घेतली. चार दिवसांनी पाटी हातात आली ती ‘अगार’ अशी. अनुस्वाराच्या टिंबाला कशाचाच आधार नव्हता, ते कापल्याबरोबर भंगारात गेलं. लेकीने विचारलं, ‘बाबा, हे एसटीचं आगार आहे का?’ चूक त्याची नव्हती, ड्रॉइंग मी दिलं होतं.

म्हणून नीट ऐका. अक्षरं कापून उभी राहायची असतील तर शिरोरेषा तुमची मैत्रीण आहे. ग, ण, श यांचे सुटे दांडे तिला लटकून राहतात. शिरोरेषा नसलेला आधुनिक वळणाचा फॉन्ट घेतलात तर घरी पाटी नाही, अक्षरांची पिशवी येईल. अनुस्वार आणि चंद्रबिंदूचं टिंब बारीक देठाने शिरोरेषेला जोडून घ्या, लांबून देठ दिसत नाही.

स्टेन्सिल करायचा असेल, म्हणजे अक्षर कापून टाकून त्या भोकातून रंग फवारायचा असेल, तर उलटा त्रास. तिथे बंद गोल गळून पडतात. मी हॉपरवर ‘नेरुळ’ लिहायला घेतलं, ळ चे दोन्ही डोळे पडले आणि रंगल्यावर तिथे दोन काळी बोरं उमटली. व, ब, क, ठ, ळ अशा प्रत्येक पोटाला दोन बारीक पूल ठेवा.

आणि फाइल देताना मजकूर टाइप केलेला पाठवू नका. वर्कशॉपच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो. मग पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, आणि मशीन जे दिसेल ते निमूटपणे कापतं. अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर करून डीएक्सएफ फाइल द्या. कापण्याआधी स्क्रीनवर दाखवायला सांगा आणि मोठ्याने वाचा.

पाटी बसवायला पोटाला किंवा झाकणाला भोक पाडू नका. हवा तिथून गळली की ताप सांभाळणं कंट्रोलरला जड जातं. समोरच्या शेल्फचे किंवा हॉपरचे जे स्क्रू आधीच आहेत त्यांनाच पट्टी धरा. स्क्रू ३०४ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. खाडीला अगदी लागून राहत असाल तर ३१६ चे.

दुसरी गोष्ट, वारली चित्र. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला, तोवर तिथले वारल्यांचे पाडे ठाणे जिल्ह्यातच मोडायचे, त्यामुळे ही चित्रं आपल्याला घरची वाटतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं, तसंच काळ्या पत्र्यावर पांढरं शोभतं. इंटरनेटवरून नक्षी उचलून चिकटवण्यापेक्षा तिकडच्या एखाद्या चित्रकाराला बोलवा आणि त्याचा मेहनताना द्या. आमच्याकडे आलेल्या दादांना मी तारपा नाच झाकणावर काढायला सांगितला. ते झाकण उघडून-मिटून बघत म्हणाले, ‘फेर मुठीपाशी तुटतो. बाजूला काढू.’ मग नाच हॉपरच्या रुंद बाजूला आला आणि झाकणावर नुसती माडाची झाडं. झाकणासाठी पांढरा हीट पेंट कॅनच्या टोपणात फवारून बारीक ब्रशने घेतला, हॉपरवर साधा इनॅमल. धुरांड्याजवळची झाडं वर्षभरात पिवळसर झालीत. मला ती तशीच आवडतात.

चुंबकाचे शोभेचे तुकडे आणि दिवे मिळतात, तेही हॉपरवरच. साधं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे जोर गमावतं.

८. लाकूड आणि मूठ

बाजूच्या टेबलासाठी मी पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटीचा तुकडा वापरला. जुना साग वाकत नाही. स्क्रूची भोकं थोडी ऐसपैस ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. पोटापासून चार बोटं अंतर राहू द्या. वर अळशीचं तेल, दोन हात.

या तेलाबद्दल गंमत नाही, ताकीद. अळशीच्या तेलाचे फडके चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना स्वतःच तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके पाण्यात बुडवून ठेवा, मग उघड्यावर पसरून वाळवा.

मुठीची माझी कहाणी लाजिरवाणी आहे. सावंतवाडीला गेलो असताना लाखेच्या रंगीत खेळण्यांवर जीव जडला आणि तशीच लाल-पिवळी मूठ लेथवर करून घेतली. काय देखणी दिसायची! लाख साधारण ७५-८० अंशांना वितळते हे मला दुसऱ्या पार्टीला कळलं, तळहात चिकटल्यावर. आता ती मूठ दिवाणखान्यात शोकेसमध्ये आहे आणि ग्रिलला स्प्रिंगसारखी गुंडाळलेल्या तारेची मूठ आहे. तारेच्या वेढ्यांमधून हवा खेळते, हात भाजत नाही.

९. पहिला स्वयंपाक

पक्का केल्यावर एक दिवस जाऊ द्या. आत तेलाचा हात देऊन तासभर रिकामा चालवा, मगच अन्न. आम्ही भरताची वांगी लावली, कारण बिघडली तरी हळहळ नाही. कांड्या खाण्याच्या ग्रिलसाठीच्याच घ्या. बॉयलरसाठी विकतात त्या दिसायला तशाच आणि स्वस्त, पण त्यात कसला भुसा आहे आणि त्याला रंग-गोंद लागलेला होता का, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं.

खंडेनवमीला आम्ही या ग्रिललाही झेंडूची माळ घालतो. माळ हॉपरला.

१०. मृगाच्या आधी

जून लागण्यापूर्वी हॉपर आणि ऑगर पूर्ण रिकामे करा. कांड्यांना ओल लागली की त्यांचा परत भुसा होतो, तो ऑगरमध्ये फुगून दगडासारखा बसतो आणि मोटर जाते. आतून तेलाचा हात द्या, धुरांड्यावर डबा उपडा घाला. कव्हर थंड झाल्यावरच चढवा आणि खालून वीतभर मोकळं ठेवा, नाहीतर आत घाम धरतो. शक्य असेल तर ग्रिल पत्र्याच्या शेडखाली ओढा, म्हणून चाकं मोठी बसवून घ्या, लहान चाकं फरशीच्या फटीत अडकतात.

उरलेला रंगाचा कॅन उलटा धरून दोन सेकंद फवारा म्हणजे नोझल तुंबणार नाही, आणि घरात सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत नको. ऑक्टोबरमध्ये कव्हर काढाल तेव्हा पोटाखाली एखादा केशरी ठिपका आलेला असेलच. तेवढाच घासा, तेवढ्यालाच रंग मारा.